आग कारखान्यात, बंब किनाऱ्यावर

ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह ह्या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलण्यास प्रारंभ केला. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा तो किनारा त्या वेळी वाळूचा राहिलाच नव्हता. पिशव्या, बाटल्या, चपला, वेष्टने आणि तुटकी जाळी ह्यांचा थर कित्येक ठिकाणी गुडघ्यापर्यंत पोहोचला होता. दोघांचे दहा झाले, दहांचे शेकडो झाले. वस्तीतील स्त्रिया, कोळीवाड्यातील मच्छीमार, शाळकरी मुले, कचेऱ्यांतील नोकरदार सुट्टीच्या दिवशी वाळूत उतरू लागले. लक्षावधी किलो कचरा उपसला गेला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने शाह ह्यांचा गौरव केला. आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले कित्येक वर्षांनंतर त्याच वाळूतून समुद्राकडे सरपटत गेली.

ह्या कामाविषयी आदर बाळगावा तेवढा थोडाच. ज्या शहरात सार्वजनिक जागा म्हणजे बेवारस जागा असे समीकरण रूढ झाले आहे, तेथे सामान्य माणसांनी एकत्र येऊन 'हा किनारा सर्वांचा आहे' असे हातांनी सिद्ध करून दाखवले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आदर करणे म्हणजे प्रश्न विचारणे थांबवणे नव्हे. उपसलेल्या वाळूवर पुढच्या भरतीला नवा थर येतो, हे वर्सोव्यातील प्रत्येक हाताला ठाऊक आहे. शंभराहून अधिक आठवड्यांच्या श्रमांनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, हे काम काही काळ बंद ठेवण्याची पाळी कार्यकर्त्यांवर आली होती. कारण एकीकडे गुंडांचा उपद्रव आणि दुसरीकडे गोळा केलेल्या कचऱ्याचे ढीग उचलणारे कोणी नाही, अशी अवस्था झाली होती. लोकांनी आपले काम केले. ज्यांचे ते काम होते, ते मात्र जागच्या जागी राहिले.

तेव्हा प्रश्न असा आहे की, हा कचरा निर्माण कोण करतो, त्यातून नफा कोण मिळवतो आणि तो उपसण्याची मजुरी कोणाच्या माथी मारली जाते? ह्या तीन प्रश्नांना बगल देऊन चालणारी कोणतीही किनारा-स्वच्छता मोहीम, मग तिच्यामागचा हेतू कितीही निर्मळ असो, अखेर उत्पादकांच्या पदरी फुकटचे श्रम टाकणारी वेठच ठरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे.

'लोकांना शिस्त नाही' ही मखलाशी

सुखवस्तू मंडळींपाशी ह्या प्रश्नांचे एकच ठरीव उत्तर तयार असते: लोकांना शिस्त नाही. हे उत्तर कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील व्हर्मांट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बियर विकण्यास मनाई करणारा कायदा केला. त्याच वर्षी त्या देशात वेष्टने आणि पेये बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था जन्माला आली. बाटली कोण बनवतो हा विषय बाजूला सारून ती रस्त्यावर कोण टाकतो, एवढ्याच विषयावर देशाचे लक्ष खिळवून ठेवणे, हे तिचे कार्य. १९७१ मध्ये तिने एका आदिवासी वेशातील माणसाच्या डोळ्यांतून कचरा पाहून अश्रू ओघळत असल्याची जाहिरात देशभर दाखवली. तो अश्रू ढाळणारा नट मूळचा इटालियन वंशाचा होता, हे पुढे उघड झाले. व्हर्मांटचा कायदा तर १९५७ मध्येच संपुष्टात आला होता. करून सवरून नामानिराळे राहण्याची ही विद्या तेथे सिद्ध झाली आणि मग जगभर निर्यात झाली.

भारतात तर ही मखलाशी क्षणभरही टिकण्यासारखी नाही. ज्या मुंबईकराला आज बेशिस्त म्हणून हिणवले जाते, तोच मुंबईकर काही दशकांपूर्वी रोज पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर काचेच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जात असे आणि भरलेल्या बाटल्या घेऊन परतत असे. शीतपेय दुकानासमोर उभे राहून प्यायले जाई आणि बाटली खोक्यात परत जाई. गोडेतेल आणावयास घरची बाटली किंवा किटली नेली जाई. डाळ, साखर, जिरे कागदाच्या पुड्यांतून दोऱ्याने बांधून येत. त्या काळातील माणसे देवदूत होती असे नव्हे. बाटली परत दिल्यावाचून दूध मिळत नव्हते आणि परत आलेली बाटली धुऊन पुन्हा भरण्याची जबाबदारी दूध विकणाऱ्याची होती, म्हणून शिस्त होती. शिस्त माणसाच्या स्वभावात कमी आणि व्यवस्थेच्या रचनेत अधिक असते. व्यवस्था मोडली ती उत्पादकांनी. बाटली परत आणणे, धुणे, भरणे हा खर्च त्यांना नकोसा झाला. प्लॅस्टिकने तो खर्च त्यांच्या खातेवहीतून पुसला आणि नगरपालिकेच्या, नाल्याच्या, समुद्राच्या खात्यावर मांडला.

ह्या उलाढालीचा आवाका आकड्यांत पाहावा. १९५० मध्ये जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत होते. २०१५ मध्ये तो आकडा ३८ कोटी टनांच्या घरात गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार तोवर निर्माण झालेल्या सर्व प्लॅस्टिक-कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता. पुनर्वापराच्या हिरव्या चिन्हाखाली जगाला जे विकले गेले, त्याची ही खरी किंमत.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता सरकारने काय केले ते पाहू जाता, पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती जाडी मोजण्याची हौस. १९९९ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २०११ मध्ये ती ४०, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. दरम्यान २६ जुलै २००५ च्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तुंबलेल्या नाल्यांनी मुंबई बुडवली आणि त्या नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांची चर्चा घरोघर झाली. तरीही राज्यकर्त्यांचा हात मोजपट्टीच्या पलीकडे पोहोचण्यास कैक वर्षे लागली.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद. ऐकणाऱ्याला वाटावे, सरकारने कंबर कसली. पण ह्या कायद्याची धार कोणाकडे वळली होती? पाटी घेऊन बसलेली भाजीवाली, कोळंबी विकणारी कोळीण, हातगाडीवरचा फळवाला ह्यांच्या हातातील पिशवी हा गुन्हा. आणि कारखान्यातच माल भरून जे वेष्टन बाहेर पडते, त्याला सूट! त्या सुटीखाली वेफर, बिस्किटे, शाम्पू, साबणाची पूड ह्यांच्या कोट्यवधी पुड्या सुखेनैव बाजारात येत राहिल्या. अंमलबजावणीला आठवडा लोटण्यापूर्वीच किराणा माल बांधण्याच्या प्लॅस्टिकलाही सवलत जाहीर झाली. त्याच मूळ अधिसूचनेत पाण्याच्या बाटलीवर एक-दोन रुपयांची अनामत घेऊन बाटली परत घेण्याची तरतूद होती. बंदीतील तेवढीच गोष्ट थेट उत्पादकाच्या दारात जाणारी होती आणि नेमकी तीच कोठे दिसेनाशी झाली.

केंद्राची कथा ह्याहून वेगळी नाही. २०१६ च्या नियमांत एक वाक्य होते: पुनर्वापर न होऊ शकणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून जी चकचकीत पुडी बनते, ती हीच. तिचे थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. भंगारवाला घेत नाही म्हणून कचरावेचक उचलत नाही. आणि कोणी उचलत नाही म्हणून ती नाल्यातून खाडीत व खाडीतून समुद्रात जाते. दोन वर्षांची मुदत भरत आली तेव्हा, २०१८ मध्ये, ते वाक्यच बदलण्यात आले. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा अन्य उपयोग नाही, तेवढेच प्लॅस्टिक आता बंद करावयाचे होते. जाळता येते ते सर्व ह्या फटीतून सुटले. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत कान कोरण्याच्या काड्या आहेत, स्ट्रॉ आहेत, पेले आणि काटे-चमचे आहेत. पुडी मात्र नाही.

पुडीच्या समर्थनार्थ गरिबाचा कैवार घेतला जातो. गरिबाला मोठी बाटली परवडत नाही, म्हणून एक रुपयाची पुडी, असे मानभावीपणे सांगितले जाते. गरीब थोडे-थोडे विकत घेतो हे खरे; तो ते नेहमीच घेत आला आहे. परंतु सुटे तेल आणि सुटी साबणाची पूड घेताना त्याच्या पदरी कचरा पडत नव्हता. गरिबीला पुडीची गरज नव्हती. गरिबाच्या खिशातील शेवटच्या रुपयापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीला पुडीची गरज होती.

किंमत मोजणारे हात

ह्या व्यवहाराची किंमत सर्वांत आधी मोजतो तो मच्छीमार. मुंबईच्या परिसरातील कोळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल लावतात. पिशवीच्या आकाराचे हे जाळे एका जागी बांधलेले असते आणि प्रवाह जे आणील ते त्यात शिरते. पूर्वी प्रवाह बोंबील, जवळा, करंदी आणीत असे. आज त्यांच्या बरोबरीने पिशव्या आणि वेष्टने येतात. जाळे जड होते, फाटते. आणि म्हावरे निवडावयास बसलेल्या बायकांचे तास कचरा वेगळा करण्यात जातात. त्या तासांची मजुरी कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. समुद्रात टाकून दिलेली नायलॉनची जाळी हाही समुद्रातील प्लॅस्टिकचा एक भाग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सुती आणि तागाची जाळी जाऊन नायलॉन आले ते विकासाच्या नावाने. जुने जाळे परत घेण्याची सोय मात्र त्या विकासाने कधीच केली नाही.

दुसरा हात कचरावेचकाचा. देशात जो काही पुनर्वापर होतो, त्याचा पाया ह्या माणसांच्या पाठीवरील गोणीवर उभा आहे. त्यांत बहुसंख्य दलित आणि त्यातही स्त्रिया. समुद्रापर्यंत जाऊ शकणारे प्लॅस्टिक वाटेतच अडवणारी ही देशातील सर्वांत मोठी फौज. आणि तिला ना वेतन, ना विमा, ना ओळख.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. २०२४ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने भारतातून दरवर्षी सुमारे ९३ लाख टन प्लॅस्टिक पर्यावरणात मोकळे सुटते किंवा उघड्यावर जळते, असा अंदाज केला आणि न उचललेला कचरा हे त्याचे एक मोठे कारण सांगितले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा हिशेब मात्र देशातील एकंदर प्लॅस्टिक-कचराच सुमारे ४१ लाख टन दाखवतो. तेव्हा, आक्षेपक म्हणतात, दोष उत्पादनाचा नसून संकलनाचा आहे. वस्तुतः हे दोन दोष परस्परांचे शत्रू नव्हेत. झोपडपट्टीच्या गल्लीत कचरागाडी जात नाही, हा नगरपालिकेचा अपराध आहेच आणि तो धुऊन काढलाच पाहिजे. परंतु उचललेल्या पुडीचे पुढे करावयाचे काय? जिला खरीददार नाही ती वस्तू उचलून डोंगरावर टाकली काय आणि खाडीत गेली काय, तिचा निकाल लागत नाही. शिवाय उत्पादन दर वर्षी वाढत राहणार असेल, तर गरीब नगरपालिकेने त्याच्यामागे किती गाड्या पळवाव्यात?

उत्पादकांनी आपल्या मालाइतका कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावावी, असे कायदा म्हणतो. पण ही जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेऊन फेडता येते. २०२३ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या पुनर्वापर-कारखान्यांनी काढलेली सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट आढळली. कागदावर किनारा स्वच्छ. वाळूवर कचरा तसाच!

झाडूच्या पुढचे पाऊल

म्हणून लोकांनी घरी बसावे काय? मुळीच नाही. लोकांच्या कृतीला पर्याय नाही. परंतु ती कृती झाडूपाशी थांबता कामा नये. असे पुढचे पाऊल टाकल्याची उदाहरणे ह्याच देशात आहेत.

तामिळनाडूतील थूथुकुडी ह्या बंदराच्या शहरात २०१८ मध्ये शाळकरी मुलींनी दोन आठवड्यांत वीस हजारांहून अधिक खाद्यपदार्थांची वेष्टने जमवली, कंपन्यांप्रमाणे ती वेगळी केली, मोजली आणि उत्पादकांकडे परत पाठवली. 'तुमचा माल संपला, तुमचे वेष्टन घेऊन जा', एवढाच त्या कृतीचा अर्थ. पुण्यात डॉ. बाबा आढाव ह्यांच्या प्रेरणेने १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ह्यांनी कचरावेचक स्त्रियांना महानगरपालिकेशी करार करणाऱ्या कामगारांचा दर्जा मिळवून दिला. २०१३ मध्ये ह्याच स्त्रियांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडची पाकिटे ती बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिली. पुणे समुद्रकिनारी नाही. परंतु मुळा-मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणले, बंदरातच स्त्रियांना ते निवडण्याचे व चिरण्याचे मजुरीचे काम मिळाले आणि तो चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळला गेला. डांबरात मिसळणे हा अंतिम उपाय नव्हे. पण मच्छीमारांची संघटना आणि शासन एकत्र आले की काय होऊ शकते, ह्याचा तो पुरावा आहे. निलगिरी जिल्ह्यात तर मे २०२२ पासून न्यायालयाच्या आदेशाने सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन ती परत केल्यावर ते परत देण्यात येऊ लागले आणि डोंगरात फुटणाऱ्या बाटल्या दुकानांत परतू लागल्या. शिस्त व्यवस्थेत असते, ती ही अशी.

पाच वर्षे ८४ देशांत स्वयंसेवकांनी कचरा नुसता न उचलता त्यावरील नावे वाचून मोजली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा: निम्म्याहून अधिक वस्तूंवर कोणतेच नाव वाचता येत नव्हते, पण ज्यांवर नाव होते त्यांतील निम्म्याहून अधिक केवळ ५६ कंपन्यांच्या होत्या आणि एकट्या कोका-कोलाचा वाटा ११ टक्के होता. झाडणारा हात मोजू लागला की गुन्हेगाराचे नाव असे समोर येते.

प्लॅस्टिक-प्रदूषण संपवणारा जागतिक करार व्हावा म्हणून मार्च २०२२ मध्ये नैरोबीत संकल्प झाला. २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी निष्फळ ठरल्या. तेल आणि पेट्रोकेमिकलवर जगणारे देश आडवे आले. उत्पादनावर मर्यादा नको, असे म्हणणाऱ्यांत भारत सरकारही होते आणि कारण दिले गेले विकासाच्या हक्काचे. श्रीमंत देशांनी दशकानुदशके केलेल्या कचऱ्याचा भार गरीब देशांवर टाकू नये, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु विकास कोणाचा? डोलीतून कचरा उपसणाऱ्या कोळणीचा की मूठभर पॉलिमर उत्पादकांचा? गरीब राष्ट्राच्या नावाने श्रीमंत कारखानदाराची वकिली, हा अन्यायाचाच एक प्रकार होय.

समाजवादी, कामगार आणि मच्छीमार संघटनांनी ह्या प्रश्नाला 'पर्यावरणाचा शौक' समजून दूर ठेवण्याचे दिवस संपले आहेत. हा कष्टाच्या चोरीचा प्रश्न आहे. २०१६ च्या नियमातील ते वाक्य जसेच्या तसे परत आले पाहिजे. प्रत्येक बाटलीवर अनामत आणि प्रत्येक दुकानावर ती परत घेण्याची सक्ती असली पाहिजे. गोव्याने २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली आहे, महाराष्ट्राला तिचे वावडे असण्याचे कारण नाही. उत्पादकांच्या जबाबदारीचा पैसा दलालांच्या प्रमाणपत्रांत न जाता कचरावेचकाच्या आणि जाळ्यातून प्लॅस्टिक आणणाऱ्या मच्छीमाराच्या हाती मजुरी म्हणून पडला पाहिजे. पुडी बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारावर ह्या बदलाचा घाव पडू नये. बाटल्या धुण्याच्या, भरण्याच्या, सुट्या विक्रीच्या व्यवस्थेत त्याला आधी काम, मग पुडीला निरोप, हाच क्रम असला पाहिजे.

पुढच्या रविवारीही लोक किनाऱ्यावर उतरतील आणि त्यांनी उतरावेच. फक्त गोणी भरल्यावर ती बांधण्यापूर्वी वेष्टनांवरील नावे मोजावीत, त्यांची यादी कोळीवाड्याच्या आणि पालिकेच्या फलकावर लावावी आणि गोणी ज्याची आहे त्याच्या दाराशी नेऊन ठेवावी. समुद्र दर भरतीला माणसाचे देणे परत करीत आला आहे. तेवढा प्रामाणिकपणा आता कारखान्यांकडून वसूल करावयाचा आहे.